काशीरामाचं गाऱ्हाणं

सुगंधा धडधडीत खोटं बोलली. रविवारची दुपार, हाताला कोलंबीचा वास, समोर पोटचा मुलगा, आणि ही बाई तोंड भरून म्हणाली, “छान झालंय रे! अगदी हुबेहूब!” त्या एका वाक्याने पुढे हळदीच्या दिवशी सगळ्यांची वाट लागणार होती, पण ते तिला तरी कुठे ठाऊक? पोराने दोन महिने रक्ताचं पाणी करून काहीतरी बनवलं, आणि ते दाखवताना त्याचे डोळे लकाकत असले, तर आई दुसरं काय म्हणणार?

बनवलं होतं काय, तर बाप.

हसू नका, खरंच. सुगंधाचा नवरा काशीराम जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी प्रांजल हिचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं. आणि मुलगा सुशांत अंधेरीला, मरोळच्या एका स्टुडिओत कार्टूनमधल्या पात्रांचे चेहरे हलवायचं काम करायचा. कुठल्या अक्षराला ओठ किती उघडायचे, हसताना गाल किती वर जायचा, सगळं तो कॉम्प्युटरवर बसून ठरवायचा. दिंडोशीला त्यांच्या बिल्डिंगमध्ये लोक म्हणायचे, सुशांत कार्टून काढतो. सुगंधा सांगायची, काढत नाही, त्यांना बोलतं करतो. आणि दैवाचा खेळ बघा, दुसऱ्यांची तोंडं दिवसभर चालवणाऱ्या ह्या पोराचं स्वतःचं तोंड मात्र अडकायचं. अगदी लहानपणापासून. पहिलं अक्षर घशात रुतून बसायचं, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस घाईघाईने त्याचं वाक्य पुरं करून टाकायचा. बहुतेक वेळा चुकीचं.

आता काशीरामाचंही सांगायला हवं. माणूस कुडाळकडचा. तरुणपणी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर गोरेगावच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला. आयुष्यात कधी कुणाचा साहेब झाला नाही. पण भावकीत त्याच्या घराला एक मान होता, गाऱ्हाण्याचा. गणपती असो, सत्यनारायण असो, लग्न असो, देवापुढे नारळ आणि पानाचा विडा ठेवून काशीराम उभा राहायचा आणि खणखणीत आवाजात देवाशी बोलायचा. मागायचं ते मागायचा, आभार मानायचा, वेळ पडली तर देवाची खरडपट्टीसुद्धा काढायचा. त्याच्या प्रत्येक वाक्याला मागची सगळी मंडळी एका सुरात म्हणायची, “व्हय म्हाराजा!” कोकणातल्या माणसाला हे झाल्याशिवाय कार्य सुरू झालं असं वाटतच नाही. भटजींचे मंत्र भटजींना ठाऊक. गाऱ्हाणं आपलं, घरचं, आपल्या बोलीतलं.

हा मान बापाकडून मुलाकडे जायचा. सुशांतच्या वाट्याला तो एकदाच आला, अकरा वर्षांचा असताना, गावच्या गणपतीत. “बा...” म्हणून जे अडकलं ते अडकलंच. चुलत भावंडं तोंडावर हात धरून खुसखुसली. काशीरामाने पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “होवंदे रे, सावकाश. देवाक खंयची घाई?” पण पोर तिथून जे पळालं ते पुन्हा काही गाऱ्हाण्याला उभं राहिलं नाही. त्याला आता अठरा वर्षं झाली.

आणि आता प्रांजल म्हणाली होती, “दादा, माझ्या हळदीला बाबांचंच गाऱ्हाणं हवं यार. तू एवढे चेहरे करतोस ना, मग बाबांना कर ना!” सुशांतने ते असं उचललं की विचारू नका. बहिणीला बाप मिळणार होता, आणि त्याचं स्वतःचं बोलणं टळणार होतं.

त्याच्याकडे एका गणपतीचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग होतं, फोटोंचे ढीग होते, प्रांजलने काढलेले चार-पाच व्हिडिओ होते. त्यातून त्याने काशीराम उभा केला, आवाज रेकॉर्डिंगमधला, शब्द हळदीला जुळवलेले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, जोडलेले हात. डाव्या गालावरचा तीळ, कानातले केससुद्धा. तो काशीराम स्क्रीनवरून बघत म्हणाला, “बा देवा म्हाराजा...” आणि सुगंधाच्या हातातली कोलंबी हातातच राहिली. अंगावर सरसरून काटा आला.

“आई, आमच्या कामात एक द-दरी असते,” सुशांत खुशीत सांगत होता. खुशीत असला की तो कमी अडकायचा. “दोन टिंबांचे डोळे आणि एका रेघेचं तोंड काढलं ना, तरी लोक त्या कार्टूनवर जीव टाकतात. पण जसजसा चेहरा खऱ्या माणसाच्या जवळ जातो, तसं एका ठिकाणी बघणाऱ्याला भीतीच वाटायला लागते. सगळं आहे, पण काहीतरी चुकतंय, असं. भले भले स्टुडिओ त्या दरीत पडलेत. मी बाबांना तिच्या पलीकडे नेलंय. नेलंय ना? रोज बघून बघून माझी नजर मेलीये. तू सांग.”

तेव्हा ती म्हणाली, छान झालंय.

“आणि मूळ रेकॉर्डिंगमध्ये केवढा कचरा होता! भांडी आपटतायत, खोकला, कुणीतरी शिंकतंय. मध्येच बाबा तुला ओरडलेत, दूध उतू जातंय म्हणून. सगळं साफ केलं.”

“बरं केलंस,” सुगंधा म्हणाली आणि कोलंबी घेऊन आत गेली.

आत ओट्याशी उभं राहून ती मनाला दटावत होती, भितेस काय बावळटासारखी, नवरा आहे तुझा. तेव्हा तिला माहेरचं बुजगावणं आठवलं. दरवर्षी शेतात असायचं, मडक्याचं डोकं, चुन्याचे डोळे. लहानपणी ती त्याच्याशी गप्पा मारायची, त्याला बोरं द्यायची. मग एका वर्षी आईने त्याला वडिलांचा जुना शर्ट घातला, वडिलांचीच टोपी घातली, आणि संध्याकाळच्या उजेडात ती “बाबा” म्हणून धावत गेली. जवळ गेल्यावर मडकं. तीन दिवस ताप आला होता पोरीला. मडक्याला मडकं म्हणून कुणी भीत नाही. मडकं बाबा झालं की भीती. पण हे सुशांतला कसं सांगायचं? तिने कोलंबीला हळद-मीठ लावलं आणि गप्प बसली.

हळदीचा दिवस उजाडला. सोसायटीच्या हॉलमध्ये गावाहून आलेली वीसेक माणसं, बिल्डिंगमधली बिऱ्हाडं, मुलुंडहून काशीरामाचा चुलत भाऊ मार्तंड आणि त्याची बायको माधुरी. पहिल्या खुर्चीवर काशीरामाची थोरली बहीण सुंदराबाई. वय ब्याऐंशी, नजर अधू, जीभ ठणठणीत. प्रांजल पिवळ्या साडीत पाटावर बसली होती. देव मांडले होते, नारळ-विडा ठेवला होता, आणि देवांच्या शेजारी भला मोठा टीव्ही. सुशांतने दोन ट्यूब बंद केल्या.

काशीराम दिसला. हॉलमध्ये एकदम “अरे!” झालं.

“बा देवा म्हाराजा...” टीव्हीतला काशीराम म्हणाला आणि थांबला.

कुणीच काही बोललं नाही.

“आज तुझ्या लेकराच्या घराक कार्य इला हा, म्हाराजा...” पुन्हा थांबला. माधुरीने “व्ह...” केलं आणि गिळलं. शेजारच्या तेजलच्या कडेवरचं बाळ तिच्या मानेत तोंड खुपसून मुसमुसायला लागलं. ज्या माणसांनी जन्मभर झोपेतसुद्धा “व्हय म्हाराजा” म्हटलं असतं, ती माणसं ओठ उघडे टाकून बसली होती.

“ह्यो कोण रे?” सुंदराबाईने मोठ्याने विचारलं.

“आत्ये, बाबा आहेत,” प्रांजल म्हणाली.

“माझो भाव न्हय हो,” म्हातारी म्हणाली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

सुगंधा टीव्हीकडे बघत राहिली, आणि आता तिला कळलं काय चुकतंय ते. हा थांबत होता, पण कुणासाठी थांबत नव्हता. दर वेळी तेवढाच, घड्याळ लावल्यासारखा. तिचा नवरा थांबायचा तो वाट बघायचा. मागच्या रांगेतला शेवटचा आवाज येईपर्यंत हलायचा नाही. बायका कुजबुजल्या तर मान वळवून म्हणायचा, “गो, गजाली मगे करा!” ह्याला समोर माणसं असली काय नि नसली काय, सारखंच.

आणि हा चेहरा तिने आधी कुठे बघितला होता, तेही तिला आठवलं. तीन वर्षांपूर्वी, घरच्याच हॉलमध्ये. आंघोळ घातलेला, गंध लावलेला, पांढऱ्या शर्टातला. तीळ जागच्या जागी, कानातले केस जागच्या जागी, आणि “अहो” म्हटलं तर ओ नाही. इथे बसलेल्या निम्म्या माणसांनी तो त्या दिवशी बघितला होता. तोच चेहरा आज पुन्हा आणून त्यांच्यापुढे उभा केला, तर कोणाच्या तोंडून शब्द फुटणार?

रिमोट कुठे ते तिला ठाऊक नव्हतं. तिने उठून सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं.

सुशांत पांढराफटक. सुगंधा त्याच्याजवळ गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “बाळा, मी खोटं बोलले. त्या रविवारीच भ्याले होते मी. तू बापासाठी डोळे फोडलेस, बहिणीसाठी केलंस, तुझे उपकार मी कुठे फेडू? तुझं काही चुकलं नाही. तू विचारलंस तेव्हा खरं सांगायचं होतं, ते मी सांगितलं नाही. चुकले ती मी.”

सुशांतने नुसती मान हलवली. पाटावर प्रांजलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बिचारीला बाप हवा होता, आणि दोन वाक्यांत तो पुन्हा गेला होता.

तेवढ्यात मार्तंड पुढे झाला. शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा खाकरला. माणूस वाईट नव्हता हो, फक्त माईक आणि मान दिसला की त्याचे पाय आपोआप तिकडे वळायचे. “वयनी, मी घालतंय गाऱ्हाणा. पोराक उगाच कित्या तरास?” म्हणाला आणि नारळ उचलला. सुशांतने लगेच होकार दिला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता आणि मेल्याहून मेल्यासारखी शरमही होती. सुगंधाला दोन्ही दिसलं. आज नारळ मुलुंडला गेला की तो मान काही दिंडोशीला परत येणार नव्हता. कोणी काही बोललं नसतं. पण हा पोरगा पुन्हा कधी देवापुढे तोंड उघडणार नव्हता, हे तिला स्वच्छ समजलं.

जन्मभर लोकांनी त्याची वाक्यं पुरी केली होती. शाळेतल्या बाईंनी, कंडक्टरने, वाण्याने. खुद्द तिनेही. “छान झालंय” म्हणून परवासुद्धा तिनेच त्याच्या प्रश्नाचं उत्तर घाईघाईत भरून टाकलं होतं. एकच माणूस होता जो थांबायचा.

“भावजी, नारळ द्या,” ती म्हणाली.

“अगो पण वयनी...”

“द्या म्हटलं ना!”

तिने नारळ सुशांतच्या हातात ठेवला. “बहिणीची हळद आहे तुझ्या. बोल.”

“न... नाही जमणार, आई.”

सुगंधा मुलांशी मुंबईचंच बोलायची. मालवणी यायची ती रागात, नाहीतर आत काहीतरी हललं की. “नाय जमला तर नाय जमला,” ती म्हणाली. “देवाक खंयची घाई?”

सुशांतने तिच्याकडे बघितलं. अठरा वर्षांनी ते शब्द त्याच्या कानावर पडत होते. तो वळला, देवांपुढे उभा राहिला, नारळ धरला.

“बा...”

अडकलं. मान ताठ, डोळे मिटलेले, नारळ धरलेली बोटं पांढरी. माधुरीचे ओठ पुढचा शब्द सांगायला हलले, तशी सुगंधाने हात वर करून तिला थांबवलं. पंखा घरघरत होता. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. अर्धं मिनिट गेलं असेल, पण अर्धं मिनिट म्हणजे केवढं असतं ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. कोणी खोकलं नाही. सगळी माणसं त्याच्या पाठीकडे बघत थांबली होती.

आणि पहिल्या खुर्चीवरून सुंदराबाईने ठणकावून सांगितलं, “व्हय म्हाराजा!”

नुसत्या “बा”ला! हॉलभर हसू फुटलं. सगळ्यात आधी हसला तो सुशांत, खांदे गदगदवून, आणि त्या हसण्याबरोबर घशातला दगड निसटला. “...देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” भिंती हादरल्या.

तो पुढे धडाधड बोलला असेल असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. तो अडकतच बोलला. काशीरामाचं गाऱ्हाणं चार मिनिटांत व्हायचं, ह्याचं अठरा मिनिटं चाललं. केटरिंगवाला दोनदा डोकावून गेला. वाटीतली हळद कडेने सुकली. पण तो अडकला की माणसं थांबायची, शब्द आला की “व्हय म्हाराजा” धाडकन यायचं. गावच्या देवांची नावं घेताना रवळनाथ झाला, सातेरी झाली, आणि पुढे तो गप्प. ह्या वेळी मान ताठ नव्हती. तो चक्क विसरला होता.

“पावणाय रे मेल्या!” सुंदराबाई ओरडली. “बापूससुद्धा दर वर्साक हयच विसरा!”

खरंच की! सुगंधाने पदर तोंडाला लावला. दर वर्षी हेच नाव, दर वर्षी हीच शिवी.

“काय चुकला-माकला असात तर प-पदरात घे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

“चेडवाक सुखी ठेव, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

आता नारळ ठेवायचा आणि वाकायचं. पण सुशांत ठेवेना. बापाच्या गाऱ्हाण्यात नसलेलं एक वाक्य त्याला देवाला सांगायचं होतं, आणि ते येत नव्हतं. माणसं थांबली.

“माझ्या बापाशीन...” तो म्हणाला. “माझ्या बापाशीन माका... कधी... घ-घाई करूक नाय, म्हाराजा.”

पहिल्यांदा उत्तराला उशीर झाला. मग ते आलं, हळू, ओलं. “व्हय म्हाराजा.” त्यात सगळ्यात मोठा आवाज मार्तंडाचा होता, आणि तो बाहीने डोळे पुसत होता.

प्रांजल पाटावरून उठून भावाच्या गळ्यातच पडली. धक्क्याने हळदीची वाटी कलंडली आणि दोघं पिवळी झाली. वधूने हळदीआधी पाटावरून उठायचं नसतं, असं कोणीतरी म्हणालं, त्याला सुंदराबाईने उगी राहायला सांगितलं.

लग्न झालं. प्रांजल घाटकोपरला नांदायला गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात फक्त मायलेक उरले. हॉलमध्ये पिशव्या, अर्धवट लाडवांचे डबे, आणि ती लग्नघराची रिकामी शांतता. सुशांत लॅपटॉप उघडून बसला होता.

“आई, तो चेहरा काढून टाकला मी.”

“बरं केलंस.” मग लाडवांच्या डब्याला झाकण लावत, “आणि मूळचं होतं ते? ज्यात कचरा होता?”

“ते आहे ना. ते कसं टाकीन?”

“लाव बघू.”

त्याने लावलं. चित्र नव्हतंच, फोन कोणीतरी पाटाखाली ठेवला असावा, नुसता काळा पडदा. भांडी आपटत होती, कोण तरी शिंकलं. आणि त्या सगळ्या गोंधळातून काशीराम आला, “बा देवा म्हाराजा, जी काय सेवा केली हा ती गोड मानून घे... गो प्रांजलच्या आवशी! दूध उतू जाता बघ!” आणि मागच्या चाळीस माणसांनी, सवयीने, एका सुरात सांगितलं, “व्हय म्हाराजा!” मग जो हशा पिकला तो थांबेचना. त्या हशात काशीरामाचाही आवाज होता.

सुशांत हसत मान वर करतो तर समोर आई नाही.

ती स्वयंपाकघरात उभी होती. शेगडीपाशी, हात बटणावर. शेगडीवर काही नव्हतं. आपण कधी उठलो, कधी आत आलो, तिला सांगता आलं नसतं. टीव्हीवरचा तो अख्खा, तीळ-बीळ असलेला काशीराम बघून तिच्या तोंडून एक “व्हय” निघालं नव्हतं, आणि ह्या एका हाकेला पाय आपले आपण चालत आले होते.

सुशांत दारात येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण पहिलंच अक्षर अडकलं. सुगंधा बटणावर हात ठेवून, डोळे पुसत, हसत, तो म्हणेपर्यंत थांबली.

“च... चहा ठेव ना, आई,” तो म्हणाला.

“व्हय म्हाराजा,” सुगंधा म्हणाली आणि तिने गॅस पेटवला.